नऊ जण, आणि सगळे माझ्याकडेच बघतात

पत्र:

"मी सहा वर्षं वैयक्तिक समुपदेशन करते आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींची घरी काळजी घेणाऱ्या नातेवाइकांसाठी आमच्या संस्थेनं गट सुरू केला आणि तो माझ्याकडे सोपवला. नऊ जण आहेत, दर आठवड्याला दीड तास. पाच बैठका झाल्या. प्रत्येक जण माझ्याकडे बघून बोलतो, मी उत्तर देते, मग पुढचा. एक बाई अर्धा वेळ एकट्याच बोलतात. एक गृहस्थ सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावतात, पण पाच बैठकांत एक अक्षर बोललेले नाहीत. गेल्या वेळी एकीनं दुसरीला सुनावलं, 'तुम्ही आईला केंद्रात ठेवलंत, तुम्हाला कसला आलाय थकवा?' मी घाईघाईनं विषय बदलला. बैठक संपली की दोघं-तिघं दाराशी रेंगाळतात आणि खरं काय ते तिथे सांगतात. एकट्या माणसाबरोबर मी चांगलं काम करते, हे मला ठाऊक आहे. गटात मात्र कुणालाच पुरेसं देता येत नाही असं वाटतं. गट म्हणजे थोडक्या मनुष्यबळात जास्त लोक उरकायची सोय तर नव्हे? आणि हे माझं काम नाही, असं संस्थेला सांगून टाकू का?"
— एक समुपदेशक

प्रिय मैत्रीण,

संस्थेला तसं काही सांगू नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलेल्या बहुतेक अडचणी वैयक्तिक समुपदेशन चांगलं येणाऱ्या माणसाच्याच वाट्याला येतात. ज्याला ऐकता येत नाही त्याच्याकडे बघून कुणी बोलत नाही, आणि त्याच्यासाठी कुणी दाराशी थांबतही नाही.

'कुणालाच पुरेसं देता येत नाही' या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले, कारण सगळं तिथे अडलंय. नव्वद मिनिटं भागिले नऊ माणसं, म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटं. एरवी ज्या कामाला तुम्ही पाऊण तास घेता ते दहा मिनिटांत करायचं, तेही आठ जणांच्या देखत. असं करून कुणालाच कुणाला पुरेसं देता येणार नाही. तुमच्या खोलीत सध्या नऊ वैयक्तिक सत्रं एकामागोमाग चालली आहेत आणि आपला नंबर येईपर्यंत बाकीचे बसून आहेत. आमच्या कामात हे इतकं सर्रास दिसतं की मी त्याला 'रांगेतलं समुपदेशन' म्हणते. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, बसलेली असते रांगच.

अमेरिकेतले समाजकार्याचे अभ्यासक विल्यम श्वार्त्झ यांनी १९६१ मध्ये गटाबद्दल एक विचार मांडला, तो मला आजही सगळ्यात कामाचा वाटतो. गट म्हणजे एकमेकांना मदत करणाऱ्यांची व्यवस्था. ज्यांना एकमेकांची कमी-अधिक गरज आहे अशी माणसं एका समान प्रश्नावर काम करायला जमतात, आणि कार्यकर्त्याचं काम असतं ती मदत इकडून तिकडे पोचेल असं बघणं. या दृष्टीनं पाहिलं की तुमचा भागाकारच बदलतो. देणारी एक आणि घेणारे नऊ, असा हिशेब राहत नाही. खोलीत देणारे दहा आहेत. त्यातल्या नऊ जणांना आपण देऊ शकतो याचा पत्ता नाही, आणि दहावी, म्हणजे तुम्ही, सगळं स्वतःच देत असल्यामुळे त्यांना तो लागतही नाही.

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये लिहून ठेवलं की समोरच्या माणसात बदल घडायचा तर समुपदेशकाकडून काही गोष्टी मिळाव्या लागतात: त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, बिनशर्त स्वीकार, आणि आत-बाहेर एक असणं. तुम्ही सहा वर्षं हेच केलंय आणि ते तुमच्या अंगात मुरलंय. गटातही हे तिन्ही लागतंच, पण ते एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जायला हवं. तुम्ही म्हणालात, 'रात्री झोप होत नाही म्हणजे किती दमत असाल,' आणि शेजारची बाई म्हणाली, 'आमच्याकडेही पहाटे तीनला उठून कामावर निघायची तयारी सुरू होते,' तर या दोन वाक्यांचं वजन एक नसतं. तुमचं वाक्य कितीही मनापासूनचं असलं तरी ते जाणकाराचं असतं. शेजारणीचं वाक्य ऐकून माणसाचे खांदे खाली येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

इर्विन यालोम या मनोविकारतज्ज्ञांनी गटात माणसाला कशाकशानं बरं वाटतं याचे ११ घटक सांगितले आहेत. सगळे इथे सांगत बसत नाही. त्यातले दोन तुमच्या गटाच्या दृष्टीनं मला फार मोलाचे वाटतात. एक, 'हे फक्त माझंच नाही' असं कळणं. दुसरा, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो हा अनुभव. वरवर पाहता दुसरा या लोकांना कशाला हवा असं वाटेल, दिवसभर ते दुसऱ्याचंच तर करत असतात. पण स्मृतिभ्रंशाच्या माणसाचं करताना पोचपावती मिळत नाही. ज्याला भरवलं तो तासाभरानं म्हणतो, मला कुणी जेवायला दिलं नाही. आजार पुढेच जाणार असतो, त्यामुळे कितीही केलं तरी हाती यश लागत नाही. अशा माणसानं गटात कुणाला एखादी युक्ती सांगितली आणि पुढच्या आठवड्यात ती व्यक्ती येऊन म्हणाली, 'तुमचं ऐकलं, आणि या वेळी आंघोळीला भांडण झालं नाही,' तर त्याला कित्येक महिन्यांत न मिळालेली गोष्ट मिळते. आपल्याकडे मानसिक आजारांच्या क्षेत्रात अशा नातेवाइकांना 'शुभंकर' म्हणायचा सुंदर प्रघात पडला आहे. त्या शब्दाचा अर्थ त्यांना स्वतःला जाणवतो तो बहुतेक वेळा अशा क्षणी. ही युक्ती तुम्ही सांगितली असतीत तर तो क्षण तुम्ही, अगदी प्रेमानं, त्यांच्याकडून काढून घेतला असतात.

आता नेमकं काय करायचं ते सांगते. सुरुवात डोळ्यांपासून करा. बोलणारा तुमच्याकडे बघतो, कारण तुम्ही त्याच्याकडे बघत असता. तो बोलत असताना नजर सावकाश इतरांवरून फिरवा. पहिल्यांदा फार उद्धट वाटेल. सहा वर्षं आपण बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायला शिकलेलो असतो, ती हलवणं म्हणजे त्याला सोडून देणं वाटतं. पण तुमची नजर जिथे जाईल तिथे हळूहळू त्याचीही जाईल, आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर काय चाललंय ते तुम्हाला दिसेल. कुणी मान हलवली, कुणी एकदम खाली बघितलं, कुणाचे ओठ हलले. मग तेवढंच बोला: 'हे ऐकताना तुम्ही मान हलवलीत.' पुढचं त्यांच्यावर सोडा. कुणी तुम्हाला प्रश्न विचारला तर उत्तर माहीत असूनही आधी गटात टाका: 'हा प्रसंग आणखी कुणाकडे आलाय का?' कुणी कुणाबद्दल तुमच्याशी बोललं, 'त्यांचं म्हणणं मला पटलं,' तर म्हणा, 'त्यांनाच सांगा ना.' ही छोटी वाक्यं आहेत, पण गटाचं निम्मं काम त्यांनीच होतं. मात्र औषधाबद्दल किंवा सुरक्षिततेबद्दल कुणी चुकीची माहिती देत असेल तर थांबू नका, लगेच सरळ दुरुस्त करा. तिथे गटावर सोपवणं म्हणजे जबाबदारी टाळणं.

आणि प्रत्येक बैठकीनंतर पाच मिनिटं काढून एक आकृती काढा. गोल काढायचा, त्यावर दहा ठिपके, आणि आठवेल तसं कोण कुणाला उद्देशून बोललं त्याचे बाण. तुमची आजची आकृती मी न बघता सांगू शकते: चाकासारखी, सगळ्या आऱ्या तुमच्यापाशी. काही आठवड्यांत ठिपक्या-ठिपक्यांमध्ये बाण दिसायला लागतील, आणि जाळं विणलं जातंय हे तुम्हाला त्या कागदावर कळेल. तुम्ही कमी बोललात आणि बैठक चांगली झाली, अशा दिवशी घरी जाताना 'आज मी काहीच केलं नाही' ही जी टोचणी लागते, तिच्यावरही हा कागद औषध आहे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण तीच चूक तुमच्याकडून व्हायची दाट शक्यता आहे. माझा पहिला गट व्यसनी माणसांच्या बायकांचा होता. पहिल्याच बैठकीत एकीनं घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल सांगायला सुरुवात केली. मी पुढे झुकले, हळूहळू प्रश्न विचारत गेले, ती आत आत जात राहिली. पंचवीस मिनिटं. ती रडली, खोली स्तब्ध झाली, आणि पहिल्याच दिवशी केवढं खोल काम झालं या समाधानात मी घरी गेले. ती परत आली नाही. फोन केला तेव्हा म्हणाली, 'त्या सगळ्यांना आता माझं सगळं माहीत झालं आणि मला त्यांचं काहीच माहीत नाही.' हे वाक्य मी विसरलेले नाही. एकट्या माणसाबरोबर आपण दार उघडायला मदत करतो, ते आपलं कसब असतं. गटात, विशेषतः सुरुवातीला, तेच दार हळूच लोटून घ्यायचं असतं: 'हे फार महत्त्वाचं आहे आणि आपण याच्याकडे परत येणार आहोत. आज किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.' इतरांनी जेवढं सांगितलंय त्याच्या फार पुढे कुणाला एकटं जाऊ देऊ नका. नंतर मी तिला वैयक्तिक भेटत राहिले. तिला तेच हवं होतं, आणि गटाआधी प्रत्येकीला एकेकटं भेटायची पद्धत मी पाळली असती तर मला ते आधीच कळलं असतं. तुमच्या गटात अशा भेटी झाल्या नसतील तर आता घ्या, उशीर झालेला नाही. प्रत्येकाला वीस मिनिटं द्या आणि विचारा, तुम्ही इथे कशासाठी येता, आणि काय घडलं तर यायचं थांबवाल.

जास्त बोलणाऱ्या बाईंबद्दल. त्यांना आवरायचं कसं, हा प्रश्न तुमच्या मनात असणार. मी आधी वेगळंच विचारेन: त्या बोलत असतात तेव्हा बाकीच्यांची सोय काय होते? कुणीतरी बोलतंय तोवर मला बोलावं लागत नाही, माझी भीती उघडी पडत नाही. पुष्कळदा एक जण जास्त बोलतो तेव्हा गटानं त्याला ते काम नकळत देऊन टाकलेलं असतं. म्हणून त्यांना गप्प केलंत तर दोन आठवड्यांत दुसरं कुणीतरी ती जागा घेईल. मधेच, पण मायेनं थांबवा: 'तुम्ही तीन गोष्टी सांगितल्यात, त्यातली एक मला सगळ्यांपुढे ठेवायचीय.' आणि ती खरंच ठेवा. जमलं तर गटालाही विचारा, 'बोलण्याचा भार आपण दोघा-तिघांवर टाकलाय का?' यात त्यांची फजिती होत नाही आणि गप्प बसणाऱ्यांपर्यंत विषय पोचतो. एवढं बोलणारा माणूस घरी दिवसभर कुणाशी बोलू शकत असेल, याचाही विचार मनात असू द्या. ज्याला आपलं वाक्य पाच मिनिटं लक्षात राहत नाही अशाबरोबर त्या दिवस काढतात.

आता ते सुनावणं. तुम्ही विषय बदललात, का ते मला समजतं. वैयक्तिक खोलीत आपण कुणाला दुखवलं जाऊ देत नाही, तिथली सुरक्षितता पूर्ण आपल्या हातात असते. गटात ती तशी नसते आणि असू शकतही नाही. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये लहान गटांवरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र वाचून गटाचे टप्पे मांडले. जमणं, मग खटके, मग रीत बसणं, मग कामाला लागणं. सगळे गट या क्रमानं जातातच असं नाही, पण पाचव्या बैठकीला खटका उडाला यात बिघडण्यासारखं काही नाही. माणसं शिष्टाचार सोडून खरं बोलू लागली आहेत.

खटका उडाला तो बरा; पण तो तसाच पडून राहिला, त्याचं मला वाईट वाटलं. त्या दोघी सात दिवस ते वाक्य घेऊन आपापल्या घरी आहेत आणि उरलेल्या सात जणांनी धडा घेतलाय की इथे असं काही झालं की ताई विषय बदलतात. म्हणून पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच ते उघडा, आणि आपल्या चुकीपासून उघडा: 'गेल्या वेळी एक अवघड गोष्ट झाली आणि मी घाईनं पुढे गेले. मला तिथे परत जायचंय.' नंतर न्यायाधीश होऊ नका. दुखावलेल्या बाईंच्या बाजूनं उभं राहायचा मोह होईल. तसं केलंत तर बोलणारी एकटी पडेल आणि उद्या सगळे मिळून तिलाच गटाचा खलनायक करतील. दोघींच्या वाक्यांच्या खाली काय आहे ते बघा. जी म्हणाली 'तुम्हाला कसला थकवा,' ती बहुधा रोज रात्री स्वतःशी झगडते की आपणही ठेवावं का केंद्रात, आणि असा विचार मनात आला म्हणून स्वतःला दोष देते. जिनं आईला ठेवलं, ती वेगळ्या वाटेनं त्याच अपराधीपणापाशी पोचली आहे. तुमचा प्रश्न साधा असू दे: 'केंद्र हा शब्द निघाला की इथे प्रत्येकाच्या मनात काय होतं?' माझा अंदाज आहे की या एका प्रश्नावर तुमची दीड तासाची बैठक पुरणार नाही. आणि ज्या बाईंना लागलंय त्यांना बैठकीआधी फोन करा. काय करणार आहात ते सांगा, चालेल का विचारा. त्या नको म्हणाल्या तर आधी त्यांचं ऐका.

खोलीत घडलेल्या गोष्टीकडे गटानंच परत वळून बघायचं, हे गटकार्याचं सगळ्यात धारदार साधन आहे, आणि ते जवळपास अपघातानं सापडलं. १९४६ च्या उन्हाळ्यात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एक कार्यशाळा घेतली. संध्याकाळी निरीक्षक आणि प्रशिक्षक दिवसभराच्या नोंदी चाळत बसत. काही शिबिरार्थींनी आत येऊन ऐकायची परवानगी मागितली, लेविन यांनी ती दिली. एका बाईंनी आपल्याबद्दलची नोंद ऐकली आणि म्हणाल्या, तसं झालंच नव्हतं. वाद रंगला. दिवसभराच्या कार्यक्रमात नव्हती एवढी जान त्या चर्चेत निघाली, आणि दुसऱ्या संध्याकाळपासून त्या बैठकीला गर्दी होऊ लागली. तुमच्या गटातल्या त्या सुनावण्याशी परत जायला मी सांगते आहे, ते याच कारणानं.

दाराशी थांबणाऱ्यांचं काय? वैयक्तिक सत्रातही शेवटच्या दोन मिनिटांत, उठता उठता, खरी गोष्ट बाहेर पडते, हा तुमचा अनुभव असेलच. गटात ती दाराबाहेर पडते. तिथे उभ्या उभ्या दुसरं सत्र सुरू केलंत तर सगळे शिकतील की महत्त्वाचं बोलायची जागा बाहेर आहे. ऐका, पण थोडं, आणि विचारा, 'हे आत सांगायला काय झालं तर सोपं जाईल?' बऱ्याचदा उत्तर मिळतं, 'तुम्ही विषय काढलात तर मी बोलेन.' तेवढं तुम्ही करू शकता. याला अपवाद आहे आणि त्यात तडजोड नको. दाराशी कुणी म्हणालं की जगावंसं वाटत नाही, किंवा घरी मारहाण होते, किंवा 'काल माझा हात उठला त्यांच्यावर,' तर गट बाजूला ठेवायचा. त्याच दिवशी, बंद खोलीत, एकट्या माणसाबरोबर बसायचं, आणि संस्थेची ठरलेली पद्धत लगेच सुरू करायची. तिथे तुमची सहा वर्षं पूर्ण कामाला येतील.

गोपनीयतेचंही याच ओघात सांगते. वैयक्तिक खोलीत तुम्ही शब्द देऊ शकता, कारण ऐकणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. गटात तुम्ही फक्त स्वतःचा शब्द देऊ शकता. इतर आठ जणांचा द्यायला गेलात तर तो खोटा ठरेल. हे स्पष्ट सांगा, मग गटाकडूनच करार करून घ्या: इथे ऐकलेलं घरी किती सांगायचं, फोनवरच्या गटात काय टाकायचं नाही, बाहेर भेटलो तर ओळख द्यायची की नाही. ज्यांना तुम्ही वैयक्तिकही भेटता त्यांच्याशी आणखी एक गोष्ट आधी ठरवून घ्या. त्यांनी एकट्यानं सांगितलेलं तुम्ही गटात कधीही उच्चारणार नाही, सूचकपणेही नाही. ते आणायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं.

आता तो बोचरा प्रश्न: गट म्हणजे लोक उरकायची सोय तर नव्हे? खरं सांगायचं तर पुष्कळ ठिकाणी सुरुवात तशीच होते, आणि तशी ती पहिल्यापासून झाली आहे. १९०५ मध्ये बॉस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा वर्ग सुरू केला. सॅनिटोरियमचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता. विश्रांती, मोकळी हवा, रोजची नोंदवही असा घरच्या घरी पाळायचा दिनक्रम एकेकाला समजावण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावा, एवढाच हेतू होता. पण आठवड्याला भेटणाऱ्या त्या माणसांना एकाच आजारानं एकमेकांशी बांधलं, आणि एकमेकांना बघून त्यांची उमेद वाढते, हे प्रॅट यांच्या ध्यानात आलं. गट-उपचाराचा इतिहास सांगताना आज अनेकदा तिथूनच सुरुवात करतात. सोय म्हणून सुरू झालेल्या गोष्टीत औषध सापडलं, ते प्रॅट तिथे बसून बघत होते म्हणून. पुढे वैयक्तिक आणि गट अशा दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना करणारे बरेच अभ्यास झाले, आणि एकूणात दोन्हींचे परिणाम जवळपास सारखे दिसले आहेत. गट ही दुय्यम प्रत आहे असा समज मनातून काढून टाका.

पण नुसतं एकत्र बसवलं की भलं होतं, असंही समजू नका. थॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की वर्तनसमस्या असलेल्या किशोरवयीन मुलांना एकत्र केलं तर ती एकमेकांकडून तेच वर्तन शिकतात, आणि काही गटांतली मुलं शेवटी आणखी बिघडलेली निघतात. ज्या हशानं आणि कौतुकानं चांगली गोष्ट वाढते त्याच हशानं वाईटही वाढते. तुमच्या गटात याचं रूप सौम्य असेल, पण असेल. सगळे मिळून फक्त तक्रार करतात आणि 'आपलं काही होणार नाही' यावर एकमत करून उठतात, असं सलग दोन-तीन बैठकांत दिसलं तर सावध व्हा. काही माणसांना सध्या गटात आणू नये, हेही ठामपणे म्हणायला शिका: ज्यांच्या जिवाला आज धोका आहे, ज्यांना भास किंवा तीव्र संशय आहे, ज्यांच्यावर कालपरवाच आभाळ कोसळलंय, आणि ज्यांच्यावर अत्याचार करणाराच त्याच गटात बसणार आहे. ज्या गोष्टीची लाज इतकी आहे की ती आधी एकाच माणसाला सांगून बघावी लागते, तिच्यासाठीही वैयक्तिक खोलीच हवी. तिथून पुढे गटात जाता येतं.

संस्थेला काही सांगायचंच असेल तर हे सांगा: मला एक सहसुलभक, म्हणजे गट चालवायला सोबत बसणारा जोडीदार हवा, आणि गटासाठी वेगळं सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाकडून आपल्या कामावर नियमित मार्गदर्शन हवं. नऊ माणसांत दोन डोळे अपुरे पडतात. एकानं विषयाकडे बघावं, दुसऱ्यानं चेहऱ्यांकडे, आणि बैठकीनंतर दोघांनी मिळून ती बाणांची आकृती काढावी. ही मागणी नाकारून संस्था आणखी तीन जण गटात घाला म्हणाली, तर मात्र लोक उरकण्याबद्दलची तुमची शंका खरी ठरली असं मी म्हणेन, आणि तेव्हा तुम्ही आवाज चढवलात तरी मी तुमच्या बाजूनं असेन. गट कधी संपणार हेही विचारून घ्या. बारा बैठकांचा असेल तर लोकांना आत्ताच कळू द्या, शेवटच्या आठवड्यात नको.

राहिले ते खुर्च्या लावणारे गृहस्थ. पत्रात तुम्ही त्यांच्यावर एकच वाक्य लिहिलंय, पण मला ते सगळ्यांत जास्त आठवत राहिलं. जो माणूस पाच वेळा सगळ्यांच्या आधी येऊन नऊ जणांची बसायची जागा तयार करतो तो गटाबाहेर नाही. 'तुम्ही का बोलत नाही,' असं त्यांना सगळ्यांसमोर विचारू नका. एखाद्या बैठकीत दोघादोघांच्या जोड्या करून पाच मिनिटं बोलायला द्या. आठ जणांपुढे न फुटणारं तोंड एकापुढे फुटतं. आणि पुढच्या वेळी तुम्हीही वीस मिनिटं आधी जा आणि त्यांच्याबरोबर खुर्च्या उचला. सगळ्या मांडून झाल्यावर ते स्वतःची कुठे ठेवतात ते बघा, दारालगत, तुमच्या शेजारी, की कुणा विशिष्ट माणसाच्या समोर. मला तेवढं लिहून कळवा.